तिन्हीकडे डिट्टो

सोमवार, ४ मार्च

डॉक्टर म्हणाले, "राग आला की बोलू नका, लिहा."

रक्तदाब दाखवायला गेले होते. दंडाला पट्टा बांधलेला असतानाच त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "घरीही या एवढ्या मोठ्यानं बोलतात का?" नवरा छताकडे बघत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात ही एक कला त्याला उत्तम साधली आहे. मीच डॉक्टरांना सांगितलं, की मी मोठ्यानं वगैरे काही बोलत नाही, बाकीचं जग हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतं. त्यावर ते काहीतरी पुटपुटले. बघा! म्हणजे डॉक्टरसुद्धा.

तर ही दैनंदिनी. हिच्यात फक्त राग लिहायचा. दुसरं काही लिहिण्याजोगं माझ्या आयुष्यात घडतही नाही.

आजचा राग आमच्या मालकांवर. सकाळी त्यांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं. 'सगळ्यांना' म्हणजे मला आणि शंकासुराला. मी प्रोग्रॅम लिहिते, तो त्यात चुका काढतो, आणि मालक आम्हा दोघांमध्ये. एवढीच आमची कंपनी. काम असं आहे: श्रवणयंत्रं विकणाऱ्या दुकानांची एक साखळी आहे. तिच्या मालकीणबाईंना आम्ही कानवाल्या बाई म्हणतो. त्यांना गिऱ्हाइकाचे कान तपासायचा प्रोग्रॅम हवाय. हेडफोन घालायचा, सूर वाजतो, ऐकू आला की बटण दाबायचं. सूर बारीक बारीक होत जातात, मंद मंद होत जातात, आणि शेवटी पडद्यावर आलेख येतो. रेघ वर सपाट असेल तर कान ठणठणीत. रेघ घसरगुंडीसारखी खाली गेली, तर बाई यंत्र विकणार.

आता ग्यानबाची मेख. बाईंच्या काही दुकानांत खिडकीवाले कॉम्प्युटर आहेत (मी कॉम्प्युटर त्याच्यातल्या प्रणालीच्या चिन्हावरून ओळखते). काहींत सफरचंदवाले, कारण ती दुकानं त्यांच्या सुनेनं सजवली. आणि उरलेल्यांत पेंग्विनवाले, कारण ते कोणीतरी फुकट दिले.

मी म्हटलं, "साहेब, म्हणजे तीन वेगवेगळी बिल्डं करावी लागतील. प्रोग्रॅम एकच, पण तीन घरांसाठी तीन तऱ्हांनी बांधून द्यायचा."

"तीन कशाला, मॅडम? एकच करा आणि तीनदा सेव्ह करा."

"तसं नसतं हो ते."

"मला काही माहीत नाही. तिन्हीकडे डिट्टो दिसलं पाहिजे, डिट्टो वाजलं पाहिजे. बाई तीस तारखेला बघायला येणार. पसंत पडलं तर पाच वर्षांचं काम. नाही पडलं तर..." इथे ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. हळूच म्हणाले म्हणे, मला शंकासुरानं नंतर सांगितलं, की नाही पडलं तर ही जागा व्यायामशाळेला देऊन टाकणार.

मी एक्कावन्न वर्षांची आहे. व्यायामशाळेत मला कोण ठेवून घेणार?

बुधवार, ६ मार्च

टेबलावर तीन कॉम्प्युटर मांडले. डावीकडे खिडकीवाला, मध्ये सफरचंदवाला, उजवीकडे पेंग्विनवाला. मी मधोमध फिरत्या खुर्चीत, तीन बायकांच्या दादल्यासारखी.

एका लेकीला तीन सासरी नांदवायचं म्हणजे हे काम. खिडकीकडच्यांना फाइलींच्या पत्त्यातली रेघ उलटी तिरपी लागते, बाकी दोघांना सुलटी. सफरचंदाच्या दारात रखवालदार बसलेला असतो. सही-शिक्का नसेल तर तो लेकीला बघून म्हणतो, "ही ओळखीची दिसत नाही, कचऱ्यात टाकू का?" पेंग्विनकडे कोणी काही विचारत नाही, पण मग पाणीसुद्धा कोणी विचारत नाही. अक्षरांचे साचे, आयकॉन, सगळं लेकीनं माहेरून न्यायचं. खिडकी बंद करायची फुली एकाकडे उजवीकडे, दुसऱ्याकडे डावीकडे. मालक म्हणाले, "मध्ये घ्या, वादच मिटेल."

हे सगळे फरक एका फाइलीत लिहायचे असतात. खिडकी असेल तर असं कर, सफरचंद असेल तर तसं कर, पेंग्विन असेल तर देवाचं नाव घे. कॉन्फिगरेशन म्हणतात हिला. माझ्या मते ही सासुरवाशिणीची पाठवणी.

तपासणीचा खरा हेडफोन आला आहे. बाईंनीच पाठवलाय, मापून प्रमाणित केलेला. मालकांनी तो कपाटात घालून कुलूप लावलं. "तीस तारखेलाच काढायचा. हाताळून खराब झाला तर?"

"अहो, मग मी तपासू कशावर?"

"कॉम्प्युटरला स्पीकर आहेत ना? आवाज तो आवाज."

गुरुवार, ७ मार्च

घरची बेल बंद पडली आहे. कुरिअरवाला म्हणे दोनदा वाजवून परत गेला. मी दाराशेजारीच बसले होते, चष्मा पुसत. नवऱ्याला म्हटलं, इलेक्ट्रिशियनला बोलाव. तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि "बरं" म्हणाला. बेल बदलायला एवढा काय विचार करायचा?

सोमवार, ११ मार्च

आज सूर वाजवून बघितले. जाड सूर तिन्हीकडे छान, अगदी बोटीच्या भोंग्यासारखे. बारीक सुरांपाशी मात्र घोडं पेंड खातंय. उजवीकडच्या पेंग्विनवर स्पष्ट नाही, पण येतात. मधल्या सफरचंदावर असून नसल्यासारखे. डावीकडच्या खिडकीवर ठणठण गोपाळ. कान लावून बसले, सूर नाही म्हणजे नाहीच.

मग काय, फाइलीत प्रत्येकासाठी वेगळी सोय केली. खिडकी असेल तर बारीक सूर बराच मोठा कर. सफरचंद असेल तर थोडा मोठा कर. पेंग्विन असेल तर आहे तसा राहू दे, गुणी बाळ. आता तिन्हीकडे डिट्टो.

घरी आले तर इलेक्ट्रिशियन बसलेला. म्हणाला, "ताई, बेलला काही झालेलं नाही." त्यानं बाहेर जाऊन बटण दाबलं. आत येऊन नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं मान डोलावली. माझ्याकडे बघून म्हणाला, "वाजली ना?"

मी म्हटलं, "तुमच्यासमोर वाजणारच. दुरुस्तीवाला आला की सगळ्याच वस्तू शहाण्यासारखं वागतात." तो हसला. नवरा हसला नाही.

मंगळवार, १२ मार्च

शंकासुरानं कॉम्प्युटरवरच्या चुकांच्या यादीत चूक नोंदवली: 'खिडकीवाल्या बिल्डात बारीक सूर असह्य मोठा.' मी शेरा मारला: 'माझ्याकडे व्यवस्थित.' आणि चूक बंद केली. त्यानं ती पुन्हा उघडली. मी पुन्हा बंद केली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही हेच करत होतो, शेजारी शेजारी बसून, एक अक्षर न बोलता. शेवटी तो उठून समोर आला.

"ताई, खरंच कान फाटतोय हो."

"लाव बघू माझ्यासमोर."

त्यानं लावला. त्यानं दोन्ही हात कानांवर दाबले. मला अगदी बेताचा, सभ्य असा सूर ऐकू आला. आजकालच्या मुलांना आवाज सहन होत नाही, ऊन सहन होत नाही, 'नाही' ऐकणंही सहन होत नाही. म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं. तुझे कान नाजूक आहेत, त्याला माझं बिल्ड काय करणार?"

खाली पहारेकऱ्याचा कुत्रा अचानक गळा काढून रडायला लागला. काल सूर तपासत होते तेव्हाही रडला होता. जाताना पहारेकऱ्याला सांगितलं, त्याला प्राण्यांच्या डॉक्टरला दाखव, मुक्या जिवाला काहीतरी दुखतंय. तो म्हणाला, "बाईसाहेब, तुमच्या ऑफिसातून शिट्टी आली की रडतो तो." शिट्टी! आमच्याकडे कोण शिट्ट्या मारणार, मालक?

सोमवार, १८ मार्च

आगीतून फुफाट्यात. रविवारी रंगारी येऊन ऑफिसच्या भिंती रंगवून गेले. बाई येणार म्हणून. सगळी टेबलं हलवली होती, ती त्यांनीच परत लावली. आता पेंग्विन डावीकडे, खिडकी उजवीकडे. चालेल म्हटलं, कोण उचलाउचली करणार.

पण सूर लावून बघते तर काय! गुणी बाळ पेंग्विन एकदम मुका, आणि मेलेली खिडकी खणखणीत. त्याच फाइली, तेच बिल्ड, मी एका अक्षराला हात लावलेला नाही. नक्की शनिवार-रविवारात दोघांनाही कुठलं तरी अपडेट आलेलं असणार. या कंपन्यांना दुसरा उद्योग नाही.

शंकासुर म्हणाला, "ताई, फक्त जागा बदलल्यात."

"जागेचा काय संबंध? वास्तुशास्त्र सांगतोयस का मला?"

पेंग्विनची सोय वाढवली. सफरचंदाला, मध्ये बसून अन्याय नको म्हणून, अजून थोडं दिलं. खिडकीचं कमी करायला हवं होतं, पण चालू गाडीला खीळ कशाला घाला? राहू दिलं. तिन्हीकडे डिट्टो.

आईचा फोन. तिच्याशी जेमतेम बोलायला लागले तर म्हणाली, "हळू बोल गं, मी म्हातारी आहे, बहिरी नाही." आता आईसुद्धा डॉक्टरांच्या पार्टीत.

बुधवार, २० मार्च

शंकासुराचा मेहुणा समारंभांना स्पीकर भाड्यानं देतो. शंकासुरानं त्याच्याकडून आवाज मोजायचं यंत्र आणलं. यंत्र म्हणालं, बारीक सूर हवा त्यापेक्षा कितीतरी पट मोठा. मी म्हटलं, लग्नाच्या स्पीकरांशेजारी आयुष्य काढलेलं यंत्र, त्याचं डोकं ठिकाणावर असेल का? मालकांनी आपल्या फोनवर मापायचं ॲप उतरवलं. तेही तेच म्हणालं. फोनच तो. दुपारी समोरच्या छपाईवाल्याकडे कारखान्यातला आवाज मोजायचं एक मोठं यंत्र होतं, ते आणलं. तेही बिघडलेलं निघालं.

तीन यंत्रं, तिन्ही बिघडलेली, आणि तिन्ही एकाच आकड्यावर बिघडलेली. योगायोगाची कमाल आहे!

शंकासुर माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. डावीकडून म्हणाला आणि तेही पुटपुटत, त्यामुळे सोडून दिलं. या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडायचं, तेवढेही कष्ट पडले नाहीत.

नवऱ्याबद्दल एक चांगली गोष्टही नोंदवून ठेवते, राग नसला तरी. हल्ली चालायला जातो तेव्हा तो नेहमी माझ्या उजव्या बाजूला चालतो. मी डावीकडे वळले तर मागून वळसा घालून पुन्हा उजवीकडे येतो. वाहनांपासून मला वाचवायला असेल. या वयात एकदम नायक व्हायची हौस. बाथरूमचं दारही ठोठावत नाही, दिवा चालू-बंद करतो. आधी वाटलं वायरिंग गेली.

सोमवार, २५ मार्च

मालकांनी शहाणपणा केला. मला न विचारता बिल्ड बाईंच्या एका दुकानात 'जरा वापरून बघा' म्हणून देऊन आले. आज बाईंचा फोन. मी फोन उजव्या कानाला लावला (डाव्या कानाला फोन नीट बसत नाही, फोनच्या कंपन्या उजव्या कानाचा विचार करून फोन बनवतात), तरी तो कानापासून हातभर लांब धरावा लागला.

"अहो, हे काय दिलंय तुम्ही मला?"

"काय झालं, बाई?"

"सकाळपासून दुकानात जो येतोय त्याचा कान ठणठणीत! एकालाही यंत्र लागत नाही! वटवाघळं आहेत का माझ्या गावात? एक आजोबा आलेत, ऐंशीच्या पुढचे. बायकोनं हाताला धरून आणलं, मागून मोटार आली तरी कळत नाही म्हणून. तुमच्या प्रोग्रॅमनं सांगितलं, कान विशीतला! आता तो म्हातारा दुकानात उभा राहून बायकोला सांगतोय, 'बघितलंस? मला सगळं ऐकू येतं. मी फक्त तुझं ऐकत नव्हतो.' बायको रडतेय बिचारी! तो घरी निघालाय, रस्ता ओलांडून! कोण जबाबदार?"

मी म्हटलं, "कदाचित खरंच ऐकू येत असेल..."

"अहो, मी त्याच्या पाठीमागे थाळी आपटली! मान वळवली नाही त्यानं!"

आजोबांना बाईंनी जुन्या यंत्रावर परत तपासून, हाताला धरून घरी पोचवलं. पण मला दुपारभर तो म्हातारा डोळ्यांसमोर. इतकी कशी एखाद्या माणसाला स्वतःच्या कानांची कल्पना नसावी? आणि एवढी माणसं सांगत असताना!

मंगळवार, २६ मार्च

मालकांचं फर्मान: यंत्र म्हणेल तेवढाच आवाज, कमी नाही, जास्त नाही. मी म्हटलं, यंत्रं बिघडलेली आहेत. ते म्हणाले, "मॅडम, चार यंत्रं, एक कुत्रा आणि एक शंकासुर एकीकडे, आणि तुम्ही एकट्या एकीकडे." चौथं यंत्र बाईंनी पाठवलं होतं, सरकारी शिक्क्याचं.

हुकूम तो हुकूम. फाइल उघडली. खिडकी असेल तर, सफरचंद असेल तर, पेंग्विन असेल तर, मी घातलेली सगळी वाढ पुसून टाकली. मापून तिन्हीकडे एकच आकडा ठेवला. मग सूर लावले. डावीकडे शांतता. मध्ये शांतता. उजवीकडे डासाच्या पणतूनं गुणगुणल्यासारखं काहीतरी. मुकी बिल्डं! शनिवारी बाई हेडफोन घालणार, त्यात काहीच वाजणार नाही, आणि सोमवारी माझ्या टेबलाच्या जागी वजनं उचलणारी माणसं उभी राहणार.

शंकासुर म्हणाला, "ताई, आता अगदी बरोबर येतोय." उंटावरचा शहाणा.

शुक्रवार, २९ मार्च

आज राग नाही, भीती आहे. डॉक्टरांनी भीतीचं काही सांगितलं नव्हतं.

नवऱ्याला म्हटलं, "उद्या माझं काम सुटणार."

तो समोरच्या खुर्चीत येऊन बसला. हल्ली बोलायचं असलं की समोर येऊन बसतो, तोंड उजेडाकडे करून, वकिलासारखा. म्हणाला, "का सुटेल?"

"वाजत नाहीये काहीच. मी सगळ्यांना सांगून थकले, एकजण मानायला तयार नाही."

"एकजणही नाही?"

"एकही नाही. सगळं जग एकीकडे."

त्यानं खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाला, "उद्या बाईंसमोर तूच हेडफोन घालून बस ना. तूच दाखव वाजत नाही ते."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं कामाचा सल्ला दिला असेल. पटला मला. हेडफोन घालून बसते, काहीही वाजणार नाही, आलेख कोरा येईल, आणि मग बघू कोण शहाणं ते.

शनिवार, ३० मार्च

नीट क्रमानं लिहिते.

बाई आल्या. पन्नाशीपुढच्या, आवाज खणखणीत. मालकांनी कपाट उघडून, देवघरातून काढावा तसा हेडफोन काढला. बाई म्हणाल्या, "कोणीतरी साध्या, चांगल्या कानांचं माणूस बसवा. मला तिन्हीवर एकच आलेख हवा." शंकासुर पुढे झाला. मी त्याला हातानं मागे सारलं. "मी बसते."

आधी खिडकी. जाड सूर आले, बटण दाबलं. मग मधले आले, दाबलं. मग अपेक्षेप्रमाणे शांतता. मी हात मांडीवर ठेवून सगळ्यांकडे विजयी मुद्रेनं बघत बसले. वाजत नाही म्हटलं होतं ना? मालक दाढी खाजवत होते. शंकासुराचं तोंड मात्र बारीक झालं होतं. खोली शांत होती आणि हेडफोनातून बाहेर झिरपणारं काहीतरी तो ऐकत होता. कुत्रा रडत नव्हता.

आलेख आला. उजव्या कानाची रेघ सपाट निघून पुढे उताराला लागली होती. डाव्या कानाची तर मधूनच कोसळली होती, मुलांच्या बागेतल्या घसरगुंडीसारखी.

मी म्हटलं, "बघा, बिघडलंय."

"दुसऱ्यावर घ्या," बाई म्हणाल्या.

सफरचंदावर तेच. पेंग्विनवर तेच. मी म्हटलं, "तिन्ही बिघडलीत, आणि बघा, एकाच पद्धतीनं बिघडलीत..." आणि हे वाक्य बोलता बोलता मला वाटलं, हे आपण याआधी कुठेतरी लिहिलंय.

बाईंनी तिन्ही आलेख छापून घेतले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. तीन रेघांची एक रेघ दिसत होती. केसाइतकाही फरक नव्हता.

"वा!" त्या ओरडल्या. "तीन मशिनी आणि रेघ एक! मला हेच हवं होतं. पास!"

मालकांनी टाळ्या वाजवल्या. शंकासुराच्या आणि बाईंच्या हातात हात दिले, माझ्या पाठीवर थाप मारली. पाच वर्षांचं काम! माझी बिल्डं जन्मात पहिल्यांदा एकमतानं बोलली होती, आणि माझ्याविषयी बोलली होती.

मग बाईंचे ओठ हलताना दिसले. त्या डावीकडे उभ्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्या थांबल्या, खुर्चीला वळसा घालून उजवीकडे आल्या आणि वाकून, अगदी हळू आवाजात, म्हणाल्या, "ताई, केव्हापासून आहे हे?"

मी म्हटलं, "काय?" ऐकू आलं होतं. तरी म्हटलं.

मला तो म्हातारा आठवला. रस्ता ओलांडायला निघालेला.

एवढ्यावर संपलं असतं तर मालक कसले. बाई कानाचं माप घ्यायला लागल्या तर ते धावत आले. "थांबा, थांबा! मॅडम, यंत्र लावायची घाई करू नका. तुमचा कान आता कंपनीचा ठेवा आहे. प्रत्येक नवीन बिल्ड तुमच्या कानावर घासून बघायचं. हीच रेघ आली तर पास. असा कान परत कुठे मिळणार?"

मी म्हटलं, "साहेब, डावीकडून बोला, म्हणजे काही ऐकू येणार नाही."

गुरुवार, ४ एप्रिल

बाईंनी यंत्रं बसवून दिली, दोन्ही कानांत. जोडताना म्हणाल्या, "डाव्याची मांडणी वेगळी, उजव्याची वेगळी. दोघांना एकच सेटिंग चालत नाही हं." मला सांगतायत!

जग फार गोंगाटाचं आहे. फ्रिज बोलतो. चपला बोलतात. मालक फोनवर बोलतात तेव्हा पलीकडचा माणूस त्यांना काय म्हणतो तेही ऐकू येतं, आणि तो योग्यच म्हणतो. शंकासुराला विचारलं, "तू मला त्या दिवशी डावीकडून काय म्हणालास?" तो लाजला. "म्हटलं, ताई, एकदा कान दाखवून घ्या." मी त्याची बंद केलेली चूक पुन्हा उघडली आणि शेरा मारला: 'मान्य. चूक माझ्याकडे.' पहारेकऱ्यालाही सांगितलं की कुत्रा निरोगी आहे.

घरी आले. दारात उभी राहून आपलीच बेल दाबली. ती म्हणजे पक्ष्यांचा चिवचिवाट आहे! एवढी लाडिक, एवढी भयानक बेल माझ्या दाराला आहे, आणि मला कोणी सांगितलं नाही. नवऱ्यानं दार उघडलं.

"ही बेल कोणी निवडली?"

"तूच."

आम्ही चालायला गेलो. तो सवयीनं उजवीकडे आला. मी थांबले. सगळं एकदम उलगडायला लागलं: उजवी बाजू, बाथरूमचा दिवा, समोरची खुर्ची, उजेडाकडे केलेलं तोंड, टीव्हीच्या पडद्यावर हल्ली खाली येणारी अक्षरं. इकडे मी तीन कॉम्प्युटरांसाठी रात्रंदिवस सोयी लिहीत होते. तिकडे हा माणूस एकाच मशीनसाठी मुकाट्यानं सोयी करत होता, आणि मशीनला पत्ता नव्हता.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"इलेक्ट्रिशियन आला त्या दिवसापासून नक्की. त्याआधी शंका होती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना."

"कधी?"

"खूपदा. डावीकडून."

मला एवढा राग आला की रस्त्यात हसायला लागले. लोक बघायला लागले, कारण हसणंही मोठ्यानंच होतं. मग मी म्हटलं, "ये आता डावीकडे. बघू हे यंत्र काय लायकीचं आहे."

तो वळसा घालून डावीकडे आला. रस्त्याकडे बघत, अगदी पुटपुटत, काहीतरी बोलला. शब्दन् शब्द ऐकू आला.

डॉक्टरांनी इथे फक्त राग लिहायला सांगितलाय. हा राग नव्हता, म्हणून तो काय बोलला ते लिहीत नाही.